जास्वंद रंगवायची कुठे, भरायची कुठे

अगं, तुझा फोटो पाहिला. जास्वंद झकास काढली आहेस, पण सगळ्या पाकळ्या सॅटिन टाक्याने भरायच्या मनात असेल तर आत्ताच थांब. एवढ्या रुंद पाकळीवर सॅटिन टाका ढिला पडतो, नुसतं बोट लागलं तरी दोरा उचलतो. पाकळ्या फॅब्रिक कलरने रंगव. देठाशी गडद मरून आणि कडेकडे येताना लाल, ही छटा ब्रशने चटकन साधते. दोऱ्याने करायची म्हटली तर चार लड्या आणि डोळ्यांना ताप.

कुणीतरी म्हणेलच, "हे काय, निम्मं तर रंगवलंय!" म्हणू दे. अठराव्या शतकाच्या अखेरीला इंग्लंडात रेशमी भरतकामाची चित्रं व्हायची, त्यातलं आकाश आणि माणसांचे चेहरे बरेचदा रंगवलेलेच असायचे. हौस जुनीच आहे, बाई.

केसमेंटचं कापड आधी धुऊन त्याची खळ काढ, नाहीतर रंग नीट मुरत नाही. रंगात पाणी बेताचं घाल. जास्त झालं की रंग रेषा सोडून धाग्याधाग्याने बाहेर पळतो. थरही पातळच हवा. जाड थर वाळून रबरासारखा होतो आणि मग सुई ओढताना बोटं दुखतात. एक दिवस पुरता वाळू दे, उलट्या बाजूने इस्त्री फिरव, मगच सुई हातात घे. रंगलेल्या भागावर टाका उसवलास तर भोक दिसत राहतं, म्हणून तिथे विचार करून टोच.

आता खरी मजा. सहा पदरांतला एकच पदर घेऊन पाकळीच्या शिरा उलट्या टिपेने काढ, त्याही दोन-तीनच. मधली दांडी दोन पदरांनी भर. तिच्या वरच्या निम्म्या भागावर पिवळ्या गाठी दे, जवळजवळ पण एकसारख्या नकोत, काही एक वेढ्याच्या, काही दोन. अगदी टोकाला पाच लाल ठिपके. खऱ्या फुलात असतातच, बघ अंगणात जाऊन. नजर तिथेच खिळते, म्हणून पानं नुसती रंगवलीस तरी चालेल.

रात्री रिंग काढून ठेवत जा, वळ पडतो. शेवटची इस्त्री जाड टॉवेलवर चित्र पालथं घालून कर, म्हणजे गाठी चपट्या होत नाहीत.

आणि फ्रेम. निम्मी कामं इथेच वाया जातात. चारही बाजूंनी तीन-तीन इंच कापड जास्तीचं ठेव. बरेच फ्रेमवाले पुठ्ठ्याला गोंद फासून कापड चिकटवतात. पुढे डाग वर येतात आणि कापड परत सोडवता येत नाही. त्यापेक्षा तूच कापड पुठ्ठ्यावर ताण, मागे वळव आणि मजबूत दोऱ्याने या कडेपासून त्या कडेपर्यंत ओवून घे. मधून सुरुवात करून बाजूंकडे जा, आधी आडवं, मग उभं. काच हवी असेल तर मध्ये जाड माउंट टाकायला सांग. काच गाठींना टेकली की त्या दबतात, पावसाळ्यात आत दमट राहून बुरशीही धरते.

फ्रेमवाल्याकडे मात्र स्वतः जा, भाऊजींना पाठवू नकोस. आणि थेट ऊन येतं त्या भिंतीवर टांगू नकोस, दोरा आणि रंग दोन्ही विटतात.