निरोप टिपून घेण्याची कला

गड्यास आपण बाजारांत धाडिलें, आणि तो परत येतांच पिशवी तेवढी घेऊन त्यास बोलूं न देतां वाटेस लाविलें, तर "तांदूळ मिळाले नाहींत" हें आपणांस कसें कळावें? संगणकाच्या कामांतही नेमका हाच प्रमाद घडतो.

समजा, एका शाळेची नोंदवही 'एसक्यूएल सर्व्हर' या डेटाबेसमध्यें आहे. उत्तीर्ण मुलांस वरच्या इयत्तेंत घालण्यासाठीं एक स्क्रिप्ट लिहिली, आणि तिच्यांत 'प्रिंट' या आज्ञेनें निरोप देण्याची तजवीज केली: "तीन मुलांचे गुण सांपडले नाहींत; त्यांस वगळलें." लिहिणारानें ती स्वतः चालवून पाहिली, तेव्हां निरोप पडद्यावर उमटला. परंतु कचेरींतील प्रोग्राममधून ती चालविली, तेव्हां "काम पूर्ण झालें" एवढेंच दिसलें. तीन मुलें मागें राहिलीं, हें शाळा उघडेपर्यंत कोणासही ठाऊक झालें नाहीं!

याचें कारण असें. डेटाबेसकडून मागितलेल्या ओळी येतात, चुका येतात आणि निरोपही येतात. ओळी प्रोग्राम वाचतो. चूक झाल्यास तो अडतो. निरोप मात्र निराळ्या दारानें येतो. 'डॉटनेट'मध्यें त्या दाराचें नांव 'इन्फोमेसेज'. तेथें निरोप घेणारें फंक्शन स्क्रिप्ट चालविण्यापूर्वींच जोडून ठेवावें लागतें. मागाहून जोडल्यास गेलेला निरोप परत मिळत नाहीं. मजकुरासोबत त्याची तीव्रता व स्क्रिप्टमधील ओळीचा क्रमांकही हातीं येतो. 10 पर्यंतची तीव्रता म्हणजे निरोप. 11 पासून पुढें चूक. म्हणून केवळ चुका पकडण्याची सोय केली म्हणजे झालें, ही समजूत अपुरी आहे.

दुसरी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. लांबलचक कामांत 'प्रिंट'चे निरोप सांठून राहतात व उशिरां येतात. तत्काळ हवे असल्यास 'रेझएरर' ही आज्ञा तीव्रता 0 ठेवून 'विथ नोवेट' या शब्दांसह द्यावी.

'ऑरॅकल'ची रीत वेगळी. तेथें 'डीबीएमएस आउटपुट' आधीं सुरू करावें लागतें, आणि काम संपल्यावर सांठलेल्या ओळी प्रोग्रामनें स्वतः मागून घ्याव्या लागतात.

निरोप मिळाला कीं तो वेळेसह नोंदवून ठेवावा, आणि काम करणाराच्या पडद्यावरही दाखवावा. वरील उदाहरणांत स्क्रिप्टनें आपलें कर्तव्य केलें होतें. ऐकावयास कोणी बसविलें नव्हतें, एवढाच काय तो दोष.