परसातलं बियाणं : आठवण आणि अभ्यास



आपल्या भागात मळ्याचा हिशेब कारभाऱ्याकडे आणि परसाचा हिशेब घरच्या बाईकडे, अशी जुनी वहिवाट होती. चाकण, खेड, मावळ कुठल्याही गावात जा, घरामागे न्हाणीच्या पाण्यावर आळू, कुडावर पावटा, गोठ्याच्या छपरावर भोपळा आणि कडेला शेवगा असायचाच. या बागेची नोंद कुठल्या कागदावर नव्हती, पण वर्षभराचं माळवं तिच्यावर निघत असे. दारात आलेली लेकुरवाळी, अडचणीतली शेजारीण, माहेराहून परत निघालेली लेक यांच्यापैकी कुणी रिकाम्या हातानं जात नसे. भाजी तर मिळेच, शिवाय पदराच्या गाठीला मूठभर बी.

अशी एक तरी बाई प्रत्येक गावात होती. ती गेली, की दहाव्याला लोक तिच्या हाताची चव आठवत, तिचा देता हात आठवत. पण उतरंडीतली तिची गाडगी कुणी उघडून पाहत नसे. पुढच्या मृगाला लक्षात येई, की तिच्याकडचा तो जांभळ्या शेंगेचा वाल आता गावात कुणाकडेच नाही. गेल्या तीस वर्षांत चाकणच्या परिसरात औद्योगिक वसाहतीसाठी जमिनी गेल्या, घरं बदलली, परसं सिमेंटची झाली. त्यामुळे हा प्रश्न आपल्यापुढे जास्तच निकडीचा आहे. म्हणून या पाठात आपण अशा बायांच्या कामाचा अभ्यास करू. त्यासाठी सर्वांना ठाऊक असलेलं एक उदाहरण घेऊ.

१. कोंभाळण्याच्या राहीबाई

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात अकोले तालुक्यात कोंभाळणे हे गाव आहे. राहीबाई सोमा पोपेरे यांचा जन्म १९६४ सालचा, महादेव कोळी समाजातला. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नाही. शेती पावसावरची. पावसाळ्यात शेतात राबायचं आणि उरलेलं वर्ष अकोल्याच्या अगस्ती सहकारी साखर कारखान्याकडे मजुरी करायची, असा त्यांच्या घराचा क्रम होता. म्हणजे आपल्यासारख्या कारखान्याच्या आधारानं जगलेलंच हे एक कुटुंब.

घरातली माणसं, विशेषतः लहान मुलं, वरचेवर आजारी पडू लागली, तेव्हा राहीबाईंनी विकतच्या संकरित बियाण्यावरून आणि फवारणीवरून लक्ष काढून जुन्या गावठी वाणांकडे वळवलं. वाल, घेवडा, भात, नाचणी, पालेभाज्या, वेलभाज्या असं जे जिथं मिळेल ते बी त्या गोळा करत गेल्या. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली आपल्याच पुणे जिल्ह्यात उरुळीकांचनला स्थापन केलेल्या बाएफ या संस्थेनं पुढे त्यांना साथ दिली. एकट्या वालाचेच डझनाहून अधिक प्रकार त्यांच्याकडे जमले. २०१८ साली बीबीसीनं जगातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचं नाव घेतलं आणि २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. लोक त्यांना बीजमाता म्हणतात.

पण या पाठासाठी महत्त्वाचा आहे तो त्यांचा देण्याचा रिवाज. मागायला आलेल्या शेतकऱ्याला बी द्यायचं आणि पीक आलं की दुप्पट परत घ्यायचं.

२. देण्यात हिशेब आहे

बी हा जिवंत माल आहे. सोनं पेटीत ठेवलं तर राहतं, बी नुसतं डब्यात ठेवलं तर मरतं. कांद्याचं बी वर्षभरात उतरतं. वाल-घेवडा दोन-तीन वर्षं, दोडका-भोपळा तीन-चार वर्षं टिकतो. म्हणजे बी जगवायचं तर ते पेरलंच पाहिजे, आणि एका घराच्या परसात दरवर्षी सगळंच पेरणं जमत नाही.

आता हिशेब करा. एका बाईनं एक वाण दहा घरी दिला. त्या वर्षी तिच्या वेलावर मावा पडला, बी हाती लागलं नाही. दहांतल्या चार घरीही पीक बुडालं असं धरा. तरी सहा घरी वाण शिल्लक आहे. तिनं तो कुणालाच दिला नसता, तर त्या एका वर्षात वाण संपला असता. आपल्या आज्यांनी हे गणित कागदावर मांडलं नाही, पण त्यांचा व्यवहार याच गणितावर चालत होता. जिनं जास्त वाटलं, तिचं बी जास्त टिकलं. सहकार म्हणजे तरी दुसरं काय?

३. बी धरायचं कसं

संकरित म्हणून विकत आणलेल्या पिकाचं बी धरू नये. पुढच्या पिढीत झाडं एकसारखी येत नाहीत, गुण फुटतात. गावठी किंवा सुधारित सरळ वाणाचंच बी धरावं.

(अ) झाडाची निवड. भाजी खाऊन उरलेल्या शेंगांचं बी ठेवणं ही चुकीची सवय आहे. निरोगी, जोमदार, चांगलं धरणारी चार-पाच झाडं आधीच हेरून त्यांना चिंधी बांधावी. त्यांच्या सुरुवातीच्या चांगल्या शेंगा वा फळं तोडू नयेत, वेलावरच पिकू द्यावीत.

(आ) परागीकरण. चवळी, घेवडा, टोमॅटो यांचं फूल बहुधा स्वतःच्याच परागानं फळतं, त्यामुळे वाण शुद्ध राहणं सोपं. वांगी-मिरचीत थोडी सरमिसळ होते. भोपळा, दुधी, दोडका, काकडी यांत नर आणि मादी फुलं वेगळी असतात. मधमाशी एका वेलाचा पराग दुसऱ्यावर नेते, आणि शेजारी त्याच पिकाचा दुसरा वाण असला तर बी बिघडतं. यावर उपाय सोपा आहे. उमलायच्या आधी दोन्ही फुलांच्या कळ्यांना दोरा बांधावा किंवा कागदाची पिशवी घालावी. फूल उमलण्याच्या वेळी नर फूल तोडून त्याचा पराग मादी फुलाला लावावा आणि पुन्हा पिशवी घालावी. भोपळा-काकडी सकाळी उमलते, दोडका-दुधी संध्याकाळी, हे ध्यानात ठेवावं. मादी फुलाच्या देठाशी बारीक फळ असतं, त्यावरून ते ओळखावं.

(इ) काढणी. दोडका, गिलकी, दुधी वेलावर वाळून खुळखुळू लागली की काढावी. बी फळातच ठेवलं तरी चालतं. टोमॅटोचा गर बियांसकट एक-दोन दिवस भांड्यात आंबू द्यावा, मग धुऊन तळाशी बसलेलं बी घ्यावं, तरंगतं ते टाकावं.

(ई) साठवण. बी सावलीत खडखडीत वाळवावं. दातानं चावल्यावर कट्कन फुटलं की वाळलं. चाळलेली राख मिसळून मडक्यात भरावं, वर कडुनिंबाचा पाला घालून तोंड शेणमातीनं लिंपावं. बरणी वापरली तरी चालेल, पण ओल राहता कामा नये. वाणाचं नाव आणि साल लिहिलेली चिठ्ठी आत टाकावी. आज्यांना चिठ्ठी लागत नव्हती, त्यांच्यामागे मात्र ओळखणारं कुणी उरलं नाही.

(उ) उगवण तपासणी. पेरणीआधी पंधरा दिवस शंभर बिया ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवाव्यात. सत्तरपेक्षा कमी उगवल्या तर बी जास्त पेरावं किंवा बदलून घ्यावं.

४. कांद्याचं बी

चाकणचा बाजार कांद्या-बटाट्यासाठी ओळखला जातो, आणि कांद्याचं बी घरी धरणारे सभासद आपल्यात आजही आहेत. एकसारख्या आकाराचे, एका रंगाचे, जोड नसलेले, पातळ मानेचे कांदे निवडून ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावावेत. दुसऱ्या वाणाचा बी-कांदा निदान अर्धा किलोमीटर दूर हवा. फुलोऱ्यात असताना कडक कीटकनाशक मारू नये. मधमाशी नसेल तर गोंड्यात दाणा भरत नाही. राजगुरुनगरला १९९८ पासून कांदा-लसणाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. भीमा शक्ती, भीमा किरण, भीमा सुपर हे वाण तिथलेच. शंका असेल तर घरापासून तासाभराच्या आत जाणती माणसं भेटतात, त्याचा लाभ घ्यावा.

५. कायदा काय सांगतो

बी देणं-घेणं बेकायदा आहे, अशी भीती काही जण घालतात. तसं नाही. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा २००१ साली झाला. त्याच्या ३९ व्या कलमानुसार शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बियाणं राखणं, पुन्हा पेरणं, देवाणघेवाण करणं आणि विकणं हे हक्क आहेत, संरक्षित वाणाचंसुद्धा. मनाई एकच : संरक्षित वाणाचं बी नाममुद्रा लावून, पाकीटबंद करून विकायचं नाही. म्हणजे पदरात बांधून दिलेल्या मुठीला कायद्याची पुरती मान्यता आहे.

६. ऊसवाल्यांनी यातून काय घ्यावं

आपण बेणं मळ्यातून आणतो, तीन-चार वर्षांनी बदलतो. एकाच जातीवर सगळं क्षेत्र टाकलं, तर एक रोग सगळ्यांनाच गाठतो, हे आपल्याला ठाऊक आहे. मळ्यासाठी जी काळजी, तीच परसासाठी घ्यावी. घराभोवती एक गुंठा मोकळा असला तरी पुरे. तोही नसेल तर गच्चीवरच्या गोण्यांत वाल, मिरची, दोडका येतो.

या हंगामात करावयाचे काम

१. घरातल्या किंवा भावकीतल्या सर्वांत वडील बाईजवळ बसून तिच्याकडच्या वाणांची नावं, पेरणीची वेळ आणि चव वहीत उतरून घ्या. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका.

२. त्यांतला निदान एक वाण पेरा, वर सांगितल्याप्रमाणे बी धरा.

३. ते तीन घरी द्या. त्यांतलं एक घर दुसऱ्या गावचं असावं. परत घेताना दुप्पट घ्या आणि ते पुन्हा वाटा.

स्वाध्याय

(१) आपल्या गावातून गेल्या वीस वर्षांत नाहीसे झालेले तीन वाण कोणते?
(२) ते शेवटचे कुणाच्या परसात होते?
(३) त्या घरून बी घेऊन गेलेलं कुणी आठवतं का? आठवत असेल तर त्यांच्याकडे जाऊन विचारा. मिळालं तर पहिला वेल तिच्या नावानं लावा.