मक्केचे दार

जालना जिल्ह्यातील बदनापूर हे मनमाडहून हैदराबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील एक लहानसे स्थानक. येथून समुद्र फार दूर. तरीही हज यात्रेला निघालेल्या या भागातील मुसलमान शेतकऱ्याची वाट पूर्वी समुद्राकडेच जाई. ऐपत असलेल्या मुसलमानाने आयुष्यात एकदा तरी मक्केची ही यात्रा करावी, अशी इस्लामची आज्ञा आहे. मनमाडला गाडी बदलून तो यात्रेकरू मुंबईस बोरीबंदरावर उतरे. जन्मात कधी समुद्र न पाहिलेल्या त्या माणसाला मुंबई हे मक्केचे दार वाटे.

हा मान आधी सुरतेचा होता. मोगल काळात हिंदुस्थानातील यात्रेकरू मुख्यतः तेथूनच निघत. शिडाची जहाजे वाऱ्यावर चालत. हजचे दिवस मात्र चांद्रमानाप्रमाणे दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येतात. म्हणून वारा अनुकूल असेल तेव्हा निघावे आणि पुढे अरबस्तानात महिनोन्महिने थांबावे, असे यात्रेकरूंना करावे लागे. त्यात चाच्यांचे भय होतेच. इ. स. १६९५ मध्ये यात्रेहून सुरतेस परतणारे औरंगजेब बादशहाचे ‘गंज-इ-सवाई’ हे जहाज हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने लुटले आणि यात्रेकरूंचे अतोनात हाल केले.

पुढे तापी नदीचे मुख गाळाने भरत गेले व सुरतेचे वैभव ओसरले. मुंबईचे बंदर खोल आणि सुरक्षित होते. इ. स. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि तांबड्या समुद्रात आगबोटींची वर्दळ वाढली. यात्रेकरूंची ने-आण करण्यात पुढे ‘मोगल लाइन’ या नावाने प्रसिद्ध झालेली कंपनी इ. स. १८७७ मध्ये मुंबईत स्थापन झाली. आता सुमारे दोन आठवड्यांत जेद्दा गाठता येऊ लागले. अफगाणिस्तान आणि बुखारा येथील यात्रेकरूही मुंबईस येऊ लागले.

परंतु प्रवास जलद झाला, तरी सुखाचा झाला नाही. लोभी मालक बोटीत माणसे दाटीने भरत. इ. स. १८६५ मध्ये मक्केत पटकीची साथ पसरली आणि परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर ती इजिप्तमार्गे युरोपात पोहोचली. त्यामुळे पुढे तांबड्या समुद्रातील कामरान बेटावर यात्रेकरूंना उतरवून काही दिवस अलग ठेवण्यात येऊ लागले. इ. स. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि दुसऱ्या वर्षी येथून हजला जाणेच बंद करण्यात आले.

सर्वांत कठीण दशा गरिबांची होई. आयुष्यभराची पुंजी जाण्यातच संपे आणि परतीचे भाडे नसल्याने कित्येकजण जेद्द्यात अडकून पडत. अखेर इ. स. १९२५ मध्ये कायदा झाला. यात्रेकरूने परतीचे तिकीट आधीच काढावे, अथवा तेवढी रक्कम अनामत ठेवावी, असे ठरले. निघतानाच परत येण्याची सोय करणारा हा साधा नियम होता. पण त्याने अनेकांना परमुलखात भीक मागण्याच्या प्रसंगातून वाचवले.

सरकारने कायदे केले, तसा शहरातील दानशूरांनी आसरा दिला. बोटीची वाट पाहणाऱ्यांसाठी त्यांनी मुसाफिरखाने बांधले. क्रॉफर्ड मंडईजवळचा हाजी साबू सिद्दीक यांच्या नावाचा मुसाफिरखाना त्यांपैकीच एक होय. गर्दीने भांबावलेल्या खेडुताला अशा ठिकाणी पाठ टेकण्यास जागा मिळे आणि गाठोडे निर्धास्तपणे ठेवता येई.

इ. स. १९९५ मध्ये मुंबईहून हजच्या बोटी बंद झाल्या. आता यात्रेकरू विमानाने काही तासांतच जेद्द्यास पोहोचतात. धक्क्यावरील निरोपाची ती गर्दी राहिली नाही. परंतु बंदराची थोरवी केवळ त्याच्या खोल पाण्यात नसते. अनोळखी प्रवाशाला आसरा देणे आणि तो सुखरूप घरी परतावा म्हणून झटणे, यातही ती असते. मुंबईला हे शिकण्यास बराच काळ लागला. पण ती ते शिकली.