*कृषी सल्ला : माळ्यावर माणूस नको, फोन बसवा (घरच्या घरी स्टँड, खर्च तीन-चारशेच्या आत)*



गणपती गेले, भात निसवायला लागलं. आता महिनाभर रानडुकरांचा त्रास. आरेतल्या पाड्यांवर, बोरिवली-मुलुंडकडच्या उद्यानाला लागून असलेल्या तुकड्यांत काकडी, दुधी, शिराळ्याचे वेल आणि भात एकाच वेळी भरात असतात, आणि डुक्कर एका रात्रीत चार गुंठे उकरून जातं. दरवर्षीप्रमाणे काहींनी झाडावर माळे बांधलेत. गेल्या आठवड्यात तीन-चार सभासदांनी माळ्यावरून हातात फोन धरून काढलेले व्हिडिओ पाठवले. सगळे हललेले, काळोखे, निम्म्यात फक्त फांदी दिसते. असे व्हिडिओ पंचनाम्याला काही कामाचे नाहीत. म्हणून आजचा सल्ला फोन झाडावर नीट बसवण्याचा.

आधी एक गोष्ट स्पष्ट. माळ्यावर चढलं म्हणजे बिबट्यापासून सुटलो, असं समजू नका. बिबट्या झाडावर माणसापेक्षा चांगला चढतो. उद्यान आणि आजूबाजूच्या भागात 2015 साली ट्रॅप कॅमेऱ्यांनी 35 बिबटे मोजले होते, 2018 साली 47. आणि 2022 च्या दिवाळीत आरेत दीड वर्षाच्या मुलीचा जीव गेला, ते आपण कोणी विसरलेलो नाही. रात्री एकट्याने माळ्यावर बसायचं काम जितकं कमी होईल तितकं बरं. फोन बसवायचा, खाली उतरायचं, घरी जायचं.

*ही पद्धत आली कुठून*
अमेरिकेत हरणाच्या शिकारीला जाणारे लोक झाडाला छोटी लोखंडी खुर्ची किंवा माळा बांधून बसतात आणि त्याच झाडाच्या खोडाला कॅमेऱ्याची दांडी आवळून शिकारीचं शूटिंग करतात. तयार दांड्या महाग, म्हणून बरेच जण घरीच पाइप आणि पट्ट्यांतून बनवतात. आपल्याकडे शिकारीला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, तो विषयच नाही. पण दांडीची युक्ती पीक राखणाऱ्याच्या कामाची आहे. आणि झाडावरून प्राणी बघण्याची आपलीही जुनी रीत आहेच. वैशाखी पौर्णिमेला राज्यातल्या अभयारण्यांत पाणवठ्यावर मचाण बांधून प्राणी मोजतात, त्यात आपल्यातलेही काही गेले असतील.

*सगळ्यात मोठी चूक : फोन माळ्याला बांधणे*
माळ्याच्या बांबूला फोन बांधला की माळ्यावरचा माणूस कूस बदलतो तेवढ्यानेही चित्र हलतं. माणूस नसला तरी वाऱ्याने बांबू करकरतो आणि व्हिडिओत तोच आवाज येतो. फोन *खोडाला* बांधा, माळ्याला नाही. फांदीच्या टोकालाही नको. खोड जितकं जाड तितकं हलणं कमी. आंबा, ऐन, जांभूळ यांचं खोड चालतं. शेवगा आणि पांगारा विसरा. त्यांची फांदी कधी मोडेल सांगता येत नाही, त्यावर स्वतःही चढू नका.

झाडाला खिळा ठोकू नका. खिळ्याच्या जागी पाणी शिरून झाड कुजतं, आणि उद्या करवत लागली की त्याच खिळ्यावर पातं तुटतं.

*दांडी कशी करायची*
हार्डवेअरच्या दुकानातून अर्धा इंची पांढरा प्लंबिंगचा पाइप तीन फूट आणि त्याचा एक एल्बो घ्या. अर्धा इंचीच का? हा पाइप बाहेरून साधारण 21 मिलिमीटर भरतो आणि मोटारसायकलच्या हँडलची नळी 22. म्हणजे बाइकवर लावायचा मोबाइल होल्डर या पाइपवर जवळजवळ नेमका बसतो. राहिलेल्या फटीत सायकलच्या जुन्या ट्यूबची एक पट्टी गुंडाळली की घट्ट. होल्डर दीडशे-दोनशेपर्यंत मिळतो. चारी कोपऱ्यांना पकड असलेला घ्या, नुसत्या रबरी दोऱ्यांचा नको. रबर उन्हात चार महिन्यांत सैल पडतं आणि फोन खाली.

मग एक इंच जाडीची, फूटभर लांब, पाच-सहा इंच रुंद फळी. भंगारातल्या पॅकिंगच्या पेटीचीही चालेल. फळीच्या मागच्या बाजूला उभी इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच मारून घ्या, म्हणजे ती गोल खोडावर डुगडुगत नाही. खाचेत ट्यूबच्या पट्ट्या चिकटवा. पुढच्या बाजूला पाइपचा दोन फुटांचा तुकडा उभा ठेवून दोन पाइप-क्लॅम्पनी स्क्रूने पक्का करा. वरच्या टोकाला एल्बो, आणि एल्बोतून आठ-दहा इंचांचा आडवा तुकडा. या आडव्या तुकड्यावर होल्डर. उभ्या पाइपवरचा एल्बोचा जोड सोल्युशन न लावता ठेवा, म्हणजे दांडी डावी-उजवी फिरवता येते. दिशा ठरली की त्या जोडातून एक छोटा स्क्रू मारा. आडवा तुकडा मात्र चिकटवून टाका.

आडवी दांडी लांब करायचा मोह आवरा. दीड फुटाची दांडी वाऱ्यात डोलते, दहा इंचांची डोलत नाही. बाजारात वाकडी-तिकडी वळणारी लवचीक नळीवाली स्टँडं मिळतात, ती यासाठी अजिबात घेऊ नका. रात्रभरात हळूहळू माना टाकतात, सकाळी व्हिडिओत फक्त स्वतःचा बांध.

फळी खोडाला आवळायला टेम्पोवाल्यांकडचा कडीचा पट्टा किंवा चांगली नायलॉन दोरी, दोन ठिकाणी. पावसाळ्यानंतर पट्टा सोडून ठेवा, झाड जाड होतं आणि साल कापली जाते. पांढरा पाइप लांबून चमकतो, त्याला जुन्या गोणपाटाची चिंधी गुंडाळा.

आणि शेवटी फोनच्या कव्हरमधून एक स्वतंत्र दोरी काढून ती थेट *खोडाला* बांधा, दांडीला नाही. होल्डर सुटला तरी फोन लोंबकळतो, खाली पडत नाही.

कोणाकडे फोनऐवजी साधा कॅमेरा असेल तर त्याच्या बुडाच्या भोकात पाव इंची बोल्ट बसतो, इंचाला 20 आटे असलेला. दुकानदाराला "पाव इंची बीएसडब्ल्यू" म्हणा, तो लगेच देईल. मिलिमीटरमधला एम-6 देऊ लागला तर घेऊ नका, जोर करून घुसवला तर कॅमेऱ्याचे आटे जातात.

ज्यांना एवढंही करायचं नाही त्यांनी अर्धी भरलेली वाळूची कापडी पिशवी फांदीच्या बेचक्यात ठेवून फोन त्यात खोवावा. रात्रभर नाही टिकणार, पण पहाटे अर्धा तास शूटिंगला पुरतं. पूर्ण भरलेली पिशवी मात्र टणक होते, फोन सरकतो.

*कुठे बघायचं, कधी बघायचं*
फोन आडवा लावा, आठ-दहा फूट उंचीवर, खाली थोडा झुकलेला. म्हणजे ओळी दिसतात आणि कुठून कुठे नासधूस झाली ते कळतं. कॅमेऱ्याचं तोंड शक्यतो उत्तरेला. पूर्वेला ठेवलं तर पहाटे, पश्चिमेला ठेवलं तर संध्याकाळी सूर्य भिंगात. चौकटीत एखादी ठरलेली खूण ठेवा : विहिरीचा कठडा, विजेचा खांब, बांधावरचं झाड. शेत कोणाचं हे त्यावरून ओळखू येतं.

रात्री साध्या फोनला काही दिसत नाही. पौर्णिमा असली तरी नाही. काही जण इन्फ्रारेड टॉर्च घ्यायला निघाले आहेत. पैसे वाचवा, फोनच्या कॅमेऱ्यात तो प्रकाश अडवणारी काच आधीच असते. वीज असेल तर बांधावर हालचालीने पेटणारा एलईडी दिवा लावा, डुक्कर बिचकतं ते वेगळंच. नसेल तर रात्र सोडून द्या. संध्याकाळी सहा ते सात आणि पहाटे साडेपाच ते सात, या दोन वेळा धरा.

पूर्ण एचडीत व्हिडिओ मिनिटाला सुमारे 100 ते 130 एमबी खातो, म्हणजे तासाला सहा-आठ जीबी. जुन्या फोनमध्ये हे मावत नाही. म्हणून टाइम-लॅप्स लावा, किंवा रिझोल्यूशन 720 वर आणा. सिम काढा, फोन विमान मोडवर, स्क्रीनचा उजेड कमी. तारीख-वेळ बरोबर आहे ना ते मात्र आधी तपासा, जुन्या फोनमध्ये ती हमखास चुकलेली असते.

*पंचनाम्यासाठी*
डुक्कर स्वतः व्हिडिओत सापडलंच पाहिजे असं नाही. सकाळच्या उजेडात उकरलेली जमीन, खुरांचे ठसे (बाजूला काडेपेटी ठेवा, माप कळतं), आडवं पडलेलं भात, हे सगळं जीपीएस कॅमेरा ॲपने तारीख-ठिकाणासह काढा. माळ्यावरचा व्हिडिओ त्याला जोड. मूळ फाइल फोनमधून उडवू नका. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला की त्यातली ठिकाणाची माहिती निघून जाते, म्हणून *डॉक्युमेंट* म्हणून पाठवा.

पीक नुकसानीची तक्रार *तीन दिवसांच्या आत* जवळच्या वन कार्यालयात द्या. गुरं-शेळी मारली असेल तर *48 तासांच्या आत*, आणि मेलेलं जनावर जागेवरून हलवू नका. पंचनामा होईपर्यंत खराब झालेलं पीकही साफ करू नका. सातबारा नावावर नसलेल्यांनी नुकसान होण्याची वाट न बघता आत्ताच वन कार्यालयात जाऊन विचारून घ्या की कुठले कागद चालतील.

*हे करू नका*
चांगला व्हिडिओ मिळावा म्हणून भाजीचा ढीग, मासळीची घाण, कोंबडी टाकून जनावर बोलावू नका. कायद्यात आमिष दाखवणं हे *शिकारीतच* धरलं आहे, मग हातात बंदूक नसली तरी. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतल्या झाडावर परवानगीशिवाय कॅमेरा लावू नका, फोटो काढायलाही तिथे परवाना लागतो. शेजाऱ्याच्या अंगणावर किंवा पाणवठ्यावर जाणाऱ्या बायकांच्या वाटेवर कॅमेऱ्याचं तोंड नको. यावरून आधीच एका ठिकाणी भांडण झालं आहे.

बिबट्या व्हिडिओत आला तर तो ठिकाणासह ग्रुपवर टाकू नका. दुसऱ्या दिवशी बघ्यांची रांग लागते आणि त्रास पाड्यालाच होतो. *1926* या वनविभागाच्या नंबरवर कळवा, आणि त्या रात्री फोन काढायला अंधारात जाऊ नका. फोन झाडावरच राहू दे, उजाडल्यावर दोघांनी मिळून जा.

दांडी बनवताना अडलं तर फळी-पाइपचा फोटो याच नंबरवर पाठवा. होल्डर आणि क्लॅम्प एकत्र घेतले तर स्वस्त पडतील, ज्यांना हवेत त्यांनी रविवारपर्यंत नाव आणि पाडा लिहून पाठवा.