आधी लिहून घ्या, मग दात घासू द्या

व्हिनियरबद्दल विचारायला हल्ली माझ्याकडे बऱ्याच जणी येतात. शाळेतल्या सहकारी, त्यांच्या भाच्या-पुतण्या, लग्न ठरलेल्या मुली. माझे दात फोटोत सुरेख दिसतात, त्यामुळे माझ्याकडून डॉक्टरांचं नाव मिळेल असं त्यांना वाटतं. नाव मी सांगत नाही, पण काय झालं ते सांगते.

मी नांदेड जिल्ह्यातली. आमच्याकडचं बोअरचं पाणी ज्यांनी प्यायलंय त्यांना माझे दात कसे होते हे सांगायला नको. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर नसावं, असं मानक आहे. नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत ते त्याच्या वर गेलेलं असतं. पक्के दात हिरडीच्या आत घडत असताना, म्हणजे साधारण वयाच्या आठव्या वर्षापर्यंत, हे पाणी पोटात गेलं की इनॅमलवर पांढरे पट्टे आणि तपकिरी डाग येतात. कितीही घासले तरी ते जात नाहीत. तरीही पुण्यातल्या ज्या क्लिनिकमध्ये मी व्हिनियरसाठी गेले तिथल्या काउंटरवरच्या मुलीने मला सगळ्यांसमोर विचारलं, "मॅडम, लहानपणी ब्रश करत नव्हता का?" हे वाक्य मी आयुष्यभर वेगवेगळ्या तोंडून ऐकत आले आहे. दातांच्या दवाखान्यातही ते ऐकावं लागेल, असं वाटलं नव्हतं.

डॉक्टरांना मी पहिला प्रश्न हाच विचारला होता की दात किती घासावे लागतील. त्यांनी करंगळीचं नख दाखवलं आणि म्हणाले, "एवढा पातळ थर, तोही फक्त पुढून." खऱ्या व्हिनियरचं वर्णन हेच आहे. दाताच्या पुढच्या बाजूचं इनॅमल साधारण ०.३ ते ०.७ मिलिमीटर घासतात आणि पोर्सिलिनचा पातळ पापुद्रा त्यावर चिकटवतात. मागची बाजू तशीच राहते. कॅपसाठी मात्र दात चारी बाजूंनी आणि टोकाकडूनही घासावा लागतो, जागोजागी एक ते दोन मिलिमीटर. हे सगळं मला आज माहीत आहे. तेव्हा मला एवढंच माहीत होतं की मी विचारलं आणि त्यांनी नख दाखवलं.

भूल दिली, तोंडावर कापड टाकलं, आठ दातांवर बराच वेळ मशीन चालू होतं. टेम्पररी दात बसवल्यावरच आरसा हातात दिला, त्याआधी नाही. मधल्या अवस्थेत पेशंटला आरसा का दाखवत नाहीत, याचा विचार मी नंतर खूप केला.

लॅबमधून कायमचे दात यायच्या आधी भावाकडे जेवताना पुढच्या दोन दातांचं टेम्पररी निघून भाकरीच्या घासात आलं. मी बेसिनपाशी जाऊन आरशात पाहिलं. पुढच्या दातांच्या जागी दोन बारीक, पिवळट खुंट उभे होते. चारी बाजूंनी तासलेले, मधे फटी पडलेल्या. जीभ मागून फिरवली तर तिथेही धार लागली. मागून. मागच्या बाजूला हात लावायचाच नव्हता ना? आई पाठीमागे उभी होती. ती काही बोलली नाही, पण तिने तोंडावर पदर धरला. मी थंड पाण्याने चूळ भरली आणि डोक्यापर्यंत सणक गेली.

फोन केला तर ट्रीटमेंट कोऑर्डिनेटर म्हणाली, "व्हिनियरमध्ये असंच असतं मॅडम, उद्या येऊन चिकटवून घ्या." दुसऱ्या दिवशी डॉक्टर भेटले नाहीत, असिस्टंटने चिकटवून दिलं. कायमचे दात बसल्यावरही शिवशिव थांबेना, हिरडीतून रक्त येत राहिलं, तेव्हा मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. डेंटल कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या बाई. त्यांनी एक्स-रे काढला, स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि शांतपणे म्हणाल्या, "ताई, हे व्हिनियर नाहीत. आठही कॅप आहेत. आणि या दाताची नस गेलीय." त्या दाताचं रूट कॅनल करावं लागलं. त्या दाताला कधी कीड लागलेली नव्हती, कधी दुखला नव्हता. त्यावर फक्त एक डाग होता.

एक्स-रे घेऊन मी पहिल्या डॉक्टरांसमोर बसले. त्यांनी तो नीट पाहिलाही नाही. म्हणाले, "पेशंटला समजावं म्हणून आम्ही सगळ्यालाच व्हिनियर म्हणतो. तुमचे डाग गडद होते, पातळ थरातून दिसले असते. आणि तुम्हालाच पांढरे हवे होते." डाग गडद होते हे पहिल्या दिवशीही दिसत होतं. त्याच दिवशी सांगितलं असतं तर मी उठून घरी गेले असते. बिल पाहिलं तर त्यावर व्हिनियरही नव्हतं आणि कॅपही नव्हतं. 'स्माइल डिझाइन, ८ युनिट' एवढंच. संमतिपत्र इंग्रजीत होतं. भुलीचं इंजेक्शन ट्रेमध्ये तयार असताना ते माझ्यापुढे ठेवलं गेलं होतं.

ज्या मुली विचारायला येतात त्यांना मी आधी विचारते की डाग नेमके कसले आहेत. फ्लोराइडचे असतील तर थेट व्हिनियरकडे जाऊ नका. मायक्रोअब्रेजन नावाचा उपचार आहे. त्यात आम्ल आणि बारीक घासपूड वापरून इनॅमलचा अगदी वरचा थर काढतात आणि तपकिरी डाग बरेच फिके होतात. त्याच्या जोडीला ब्लीचिंग करतात. पांढरट ठिपक्यांसाठी रेझिन इन्फिल्ट्रेशन असतं, त्यात दात मशीनने घासत नाहीत. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत कॉन्झर्व्हेटिव्ह डेंटिस्ट्रीचे विभाग आहेत, तिथे जाऊन विचारा. गर्दी असते, थांबावं लागतं. माझ्या भाचीला मी त्यातल्याच एका ठिकाणी नेलं आणि तिचे दात शाबूत आहेत. मला या उपचारांपैकी एकाचंही नाव त्या क्लिनिकमध्ये ऐकू आलं नाही, कारण त्यात आठ युनिटचं बिल होत नाही.

तरीही व्हिनियरच हवे असतील तर बिलावर आणि केसपेपरवर दाताचा नंबर आणि त्यावर काय करणार हे दातागणिक लिहून घ्या. वरचा उजवा मधला दात ११, डावा मधला २१, अशी जगभर चालणारी पद्धत आहे. '११, २१: पोर्सिलिन व्हिनियर, फक्त पुढची बाजू' असं लिहायला डॉक्टरांना अर्धं मिनिट लागतं. जो लिहायला कांकू करेल त्याच्यासमोर तोंड उघडू नका.

मशीन लावण्याआधी मेणाचा नमुना आणि तोंडातला मॉक-अप मागा. न घासलेल्या दातांवरच तात्पुरतं साहित्य बसवून नवे दात कसे दिसतील ते दाखवता येतं. ते लावून मोठ्याने बोलून बघा. मी दिवसभर वर्गात बोलते. माझे नवे दात जरासे लांब झालेत आणि 'व' म्हणताना ते खालच्या ओठावर टेकतात. मुलांच्या लक्षात येत नसेल, माझ्या येतं. शेड खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात ठरवा, खुर्चीवरच्या दिव्याखाली नको. ब्लीचिंग करायचं असेल तर आधी करा, पोर्सिलिनचा रंग नंतर बदलत नाही. रात्री दात खात असाल तर ते सांगा आणि नाइट गार्ड घ्या. रोज दोनदा ब्रश करा, दातांनी बाटलीची झाकणं उघडू नका, हे तर आहेच.

आणि घासलेलं इनॅमल परत येत नाही. चांगलं पोर्सिलिनही साधारण दहा-पंधरा वर्षं टिकतं, म्हणजे पंचविशीत बसवले तर आयुष्यात तीन-चारदा बदलावे लागणार. पहिल्या बिलापाशी बसून हा हिशेब कुणी मांडत नाही, तुम्ही मांडा. हप्ते करून देतात म्हणून परवडतं असं समजू नका.

माझ्यासारखं झालंच असेल तर गप्प बसू नका. पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितलं आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या २००८ च्या निकालात त्याच न्यायालयाने म्हटलं की पेशंटला उपचार, त्यातले धोके आणि दुसरे पर्याय समजावून सांगितल्यावरच संमतीला अर्थ आहे, आणि एका गोष्टीला दिलेली संमती दुसरीला चालत नाही. हा निकाल वाचताना मला वाटलं, कुणीतरी माझी बाजू ऐकून घेतली. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. डॉक्टरांच्या वागणुकीबद्दलची तक्रार राज्य दंत परिषदेकडे करता येते. एक्स-रे, फोटो, केसपेपर लेखी अर्ज करून मागा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचं काहीही पुसू नका. माझ्याकडे कोऑर्डिनेटरचा 'फक्त पुढून हलकंसं घासतो' हा मेसेज आहे, दात घासायच्या आधल्या दिवशीचा.

फाइल तयार आहे. तक्रार करणार असं कळल्यावर क्लिनिकमधून फोन आला, पुढच्या उपचारावर सवलत देतो म्हणाले. त्या खुर्चीत मी पुन्हा बसणार नाही. मला माझे पैसे आणि डॉक्टर काय करणार होते व त्यांनी काय केलं, याचं त्यांच्या सहीचं लेखी उत्तर हवं आहे.