पाढ्यांच्या तक्त्यातील वाट

बेळगाव-निपाणीच्या आपल्या भागात पाढे दोन भाषांतून कानी पडतात. आमचे कन्नडभाषिक शेजारी त्यांना ‘मग्गी’ म्हणतात. लिपी निराळी, तक्ता तोच. एक ते दहाच्या पाढ्यांचा हा शंभर घरांचा तक्ता आपण समोर घेऊ.

त्यात ५६ कोठे आहे? (पाढे पाठ असणाऱ्यांनी ते क्षणभर विसरावेत!) घर न् घर तपासणे कंटाळवाणे होय. तक्ता सर्वस्वी क्रमवारही नाही. पहिली ओळ १० वर संपते आणि दुसरी पुन्हा २ पासून सुरू होते. तथापि उजवीकडे जावे वा खाली उतरावे, संख्या वाढते, एवढी शिस्त त्यात आहे.

आरंभ वरच्या उजव्या कोपऱ्यातून करावा. सारे मर्म येथेच आहे. डाव्या कोपऱ्यातील १ पासून दोन्ही वाटा वाढीच्याच. कोणती धरावी ते कळत नाही. उजव्या कोपऱ्यातून मात्र डावीकडे संख्या घटते, खाली वाढते. घरातील संख्या ५६ हून लहान असेल तर ती आडवी ओळ बाद, खाली उतरावे. मोठी असेल तर तो उभा रकाना बाद, डावीकडे सरकावे. १०, २०, ३०, ४०, ५०, ६०, ५४, ६३, ५६. नवव्या घरी शोध संपला.

आता ५९ शोधा. १५ घरे पाहून आपण तक्त्याबाहेर पडतो. न सापडणे आणि मुळात नसणे या गोष्टी भिन्न आहेत; येथे दुसरी सिद्ध होते. कोणतीही संख्या घ्या, १९ हून अधिक घरे पाहावी लागत नाहीत, कारण दर पावलाला एक ओळ किंवा एक रकाना कायमचा गळतो.