घटक ७ : स्प्रेडशीटमध्ये दिनांकावरून वार दर्शविणे

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस
• स्प्रेडशीटमधील दिनांक आणि वार यांचा संबंध स्पष्ट करता येईल.
• दिनांकावरून मराठीत वार दर्शविता येईल.
• वाराच्या आधारे दिनांकाची पडताळणी करता येईल.

७.१ प्रास्ताविक

जुन्नरचा आठवडे बाजार रविवारी भरतो, तर बेल्ह्याचा सोमवारी. श्रावणी सोमवारी भीमाशंकरच्या वाटेवर यात्रेकरूंची रीघ लागते. जुन्नर-आंबेगाव परिसरातील असे अनेक व्यवहार वारावर चालतात. हिशेबाच्या वहीत मात्र आपण दिनांक लिहितो. त्यामुळे कोणत्या वारी विक्री अधिक झाली, हे केवळ दिनांकांच्या रकान्यावरून उमगत नाही. दिनांकाशेजारी वार आला की तोच हिशेब बोलका होतो.

७.२ दिनांक ही एक संख्या

आपण कक्षात दिनांक लिहितो, तेव्हा एक्सेल त्याची नोंद संख्येच्या रूपात ठेवते. १ जानेवारी १९०० हा दिवस १ धरून पुढील दिवस मोजले जातात. महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली तो दिनांक, १ मे १९६०, म्हणजे २२०३७ ही संख्या. तिला ७ ने भागल्यास बाकी १ उरते. बाकी १ म्हणजे रविवार, २ म्हणजे सोमवार, याप्रमाणे ६ म्हणजे शुक्रवार आणि ० म्हणजे शनिवार. १ मे १९६० रोजी रविवारच होता. वार कोठे साठविलेला नसतो. तो प्रत्येक वेळी गणिताने काढला जातो.

७.३ वार दर्शविण्याच्या पद्धती

सूत्रांची नावे येथे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीत टंकलिखित करावीत.

(अ) स्वरूप बदलणे : कक्ष निवडून 'फॉरमॅट सेल्स'मधील 'कस्टम' या पर्यायात 'डी' हे अक्षर चार वेळा लिहावे. दिनांकाच्या जागी पूर्ण वार दिसतो. तीन वेळा लिहिल्यास संक्षिप्त वार दिसतो. आत संख्या तीच राहते. 'घर' ही प्रकृती कायम राहून 'घराला', 'घरात' अशी रूपे व्हावीत, तसा हा प्रकार आहे.

(आ) 'टेक्स्ट' सूत्र : यात दिनांकाचा कक्ष आणि अवतरणचिन्हांत चार 'डी' द्यावेत. येथे मिळणारे उत्तर ही संख्या नसून शब्द असतो. म्हणून त्याची क्रमवारी लावल्यास गुरुवार, बुधवार, मंगळवार असा वर्णानुक्रम येतो. आठवड्याचा क्रम येत नाही.

(इ) 'वीकडे' व 'चूज' सूत्रे : 'वीकडे' हे सूत्र रविवारसाठी १ पासून शनिवारसाठी ७ पर्यंत अंक देते. तो अंक 'चूज' सूत्रात प्रथम ठेवून पुढे रविवार ते शनिवार ही सात नावे अवतरणचिन्हांत, स्वल्पविरामांनी विलग करून लिहावीत. संगणकाची भाषा कोणतीही असली, तरी वार मराठीतच दिसतो.

७.४ वार : दिनांकाचा साक्षीदार

०५/०३/२०२४ हा दिनांक आपण ५ मार्च म्हणून लिहितो. संगणकाची मांडणी अमेरिकी पद्धतीची असल्यास तो ३ मे असा वाचला जातो. ५ मार्च २०२४ रोजी मंगळवार होता, तर ३ मे रोजी शुक्रवार. बाजाराची नोंद भलत्याच वारी दिसू लागली, तर प्रथम दिनांकाचा क्रम तपासावा.

जुन्या कागदपत्रांच्या अभ्यासातही वार असाच साक्ष देतो. जुन्नरजवळील शिवनेरी किल्ल्यावर छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म झाला. जेधे शकावलीत या जन्माची तिथी शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी नोंदलेली आहे. तिच्याशी जुळणारा इंग्रजी दिनांक १९ फेब्रुवारी १६३० होय. हा दिनांक एक्सेलमध्ये लिहिल्यास तो मजकूर म्हणूनच राहतो, कारण तेथे गणना १९०० पासून सुरू होते. लिबर ऑफिस कॅल्कमध्ये तो स्वीकारला जातो. परंतु वार येतो मंगळवार.

मग शकावली चुकली काय? नाही. १९ फेब्रुवारी हा दिनांक जुन्या, ज्युलियन कालगणनेचा आहे. इंग्लंडने ती गणना १७५२ पर्यंत वापरली. कॅल्क मात्र १६३० साठी ग्रेगोरियन गणना लावते. सतराव्या शतकात या दोन गणनांत दहा दिवसांचे अंतर होते. म्हणून ग्रेगोरियन गणनेचा १ मार्च १६३० हा दिनांक लिहून पाहावा. वार येतो शुक्रवार. यंत्राचे गणित बरोबर असूनही उत्तर फसवे ठरू शकते. दिनांक कोणत्या गणनेतील आहे, हे ठरविण्याची जबाबदारी अभ्यासकाचीच असते.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. १५ ऑगस्ट १९४७ या दिनांकाची संख्या १७३९४ आहे. सूत्र न वापरता वार काढा. (उत्तर : बाकी ६, शुक्रवार)
२. स्वरूप बदलणे आणि 'टेक्स्ट' सूत्र यांतील भेद उदाहरणासह सांगा.
३. आपल्या घरातील वा दुकानातील एका महिन्याच्या खर्चाची नोंद करून वारनिहाय बेरीज करा.

सारांश

स्प्रेडशीटमधील दिनांक ही संख्या असून वार हे तिचे एक रूप आहे. ते स्वरूप बदलून किंवा सूत्राने दर्शविता येते. वाराच्या साहाय्याने दिनांक पडताळता येतो. मात्र त्यासाठी दिनांकाचा क्रम आणि कालगणना आधी निश्चित करावी लागते.